मधल्या मापाचा नर

पाळयंकोट्टै
२ आवणी, १९ ऑगस्ट २०१९

प्रिय इसक्की अक्का,

नमस्कार. तू बरी असशील, घरचीही सगळी बरी असतील. मी ठीक. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, गुडघे कुरकुरतात, गेल्या वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले. तुमच्या कल्लिडैकुरिचीत अप्पळाचे पापड वाळण्याइतकं ऊन आहे का यंदा? इथे नुसता वारा. तुझा पत्ता तू शिकवायचीस त्या शाळेतून मागून घेतला. बसने तासाभराचं अंतर, आणि तेहतीस वर्षांत माझ्याने येणं झालं नाही.

आडी अमावास्येला धाकट्या भावाबरोबर आईच्या तर्पणासाठी पापनाशमला गेले होते. येताना घाटावरच्या पुंगमच्या झाडाखालचा मूठभर पाचोळा पिशवीत भरला. लोक देवाच्या दारातून विभूती आणतात, मी पाचोळा आणते. भाऊ म्हणाला, "अक्का, रिटायर झालीस ना? आता तरी कचरा वेचणं सोड." पण जित्याची खोड, जाते कुठे?

नेहमीसारखा तो पाचोळा दिव्याखाली ठेवून किडे खालच्या अल्कोहोलमध्ये पाडायचे, तसं या वेळी केलं नाही. कसली घाई नव्हती. एक कुजकं पान तसंच ओलं बशीत ठेवलं आणि भिंगाखाली बघत बसले. सकाळी नऊला बसले, ती शेजारची पेच्चीअम्माळ दारात येऊन ओरडेपर्यंत. "टीचर, भाताचा कोळसा झाला! या वयात पाचोळ्यात कुठले पुरुष शोधताय?" खरंच पुरुषच बघत होते गं.

पानाच्या पोटाशी बुरशीची पांढरी लव, तिच्यात अंड्यांचा पुंजका, आणि त्यावर तो उभा. माझा दंडवाला फुलकिडा, ज्याला मी नवी जात ठरवलं होतं तो. पुढचे पाय पैलवानासारखे फुगलेले, शेपटी उगारलेली. सगळा मिळून रव्याच्या लांबट दाण्याएवढा. आपण या जिवांना कायम मेलेलंच पाहिलं. अल्कोहोलमध्ये बुडवलं, काचेवर चिकटवलं, केस मोजले, मिशांचे सांधे मोजले. एवढे दंड तो कशाला बाळगतो, हे मी आयुष्यात कधी विचारलं नाही. त्या दिवशी कळलं. दुसरा एक दंडवाला अंड्यांकडे आला आणि दोघे भिडले. पाऊण तास! पहिला तसूभर हटला नाही. आणि ही झुंज चालू असताना एक काटकुळा नर, ज्याला मी जन्मभर वेगळी जात म्हणत आले, गुपचूप कडेने मादीपाशी गेला. तिने त्याला जवळ केलं. थोड्या वेळाने तीच मादी दंडवाल्यापाशी गेली, आणि त्याच पुंजक्यात तिने अंडं घातलं.

अक्का, मला रडू आलं. विड्याच्या पानाच्या निम्म्या तुकड्यावर एक अख्खं कुळ नांदत होतं, राखणदार, चोर, आई, लेकरं. आणि मी त्याची मापं घेऊन बत्तीस वर्षं पगार खाल्ला.

तू हे तेव्हाच, आपण दोघी सरांच्या हाताखाली संशोधन करत असताना, सांगितलं होतंस. माझ्या खांद्यावरून एकदाच वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "अगं मलर, ही कसली नवी जात? माझा थोरला भाऊ ताडासारखा आणि धाकटा वांग्याएवढा. म्हणून माझ्या आईने दोन जाती जन्माला घातल्या का?" सगळी प्रयोगशाळा हसली होती. सर हसले नाहीत. त्या नव्या जातीला मी सरांचं नाव द्यायचं ठरवलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. ते तुला म्हणाले, "या दोघांच्या मधल्या मापाचा एक नर आणून दाखव. मग मानतो."

पुरट्टाशी, ऐप्पशी असे पावसाचे दोन महिने तू पाचोळ्याची पोती वाहिलीस. आईबरोबर विडीची पानं निवडून तयार झालेली तुझी बोटं, पान हातात घेतलं की कुठल्या बाजूला जीव आहे हे तुला कळायचं. तरी तो सापडला नाही. मग सोमवारी, सतरा नोव्हेंबरला, सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इसक्की, घरी जाऊन विड्या वळ. पानं आहेतच, आणि त्याला डोळे लागत नाहीत." तू ब्रश धुतलास, पुसून जागेवर ठेवलास आणि गेलीस. मी मान खाली घालून मापं लिहीत होते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दोनदा लिहून फाडलं आहे.

तो मधला नर मला सापडला होता. तुझ्याच पोत्यातल्या पाचोळ्यात, त्या सोमवारच्या आदल्या शुक्रवारी दुपारी, तू जेवायला गेली होतीस तेव्हा. दंड ना जाड ना बारीक, बरोबर मधले. तू त्या दोघांना जोडणारी जी कडी शोधत होतीस, तीच. कॉलेजात नोकरीची जागा एकच होती, अक्का. मी त्याची स्लाइड केली आणि ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी ठेवली. फेकून द्यायचा धीर झाला नाही. इतका सुरेख होता तो.

आता मी लेख लिहिला आहे. माझी जात खोटी, ती जुन्याच जातीचा मोठा नर आहे, असा. आपल्या शास्त्रात रद्द झालेल्या जातीचं नाव पुसत नाहीत, हे तुला माहीत आहे. ते यादीत कायम राहतं आणि त्यापुढे ज्याने चूक केली त्याचं नाव. राहू दे. पण मी पानावर काय पाहिलं याला कोण पुरावा मानेल? पुरावा ती स्लाइडच. लेख आणि स्लाइड, दोन्ही या पार्सलात कापसात गुंडाळून पाठवते आहे. लेखाची प्रत मी ठेवलेली नाही.

स्लाइडवर लेबल आहे. तुला फसवताना मी कचरले नाही, पण खोटं लेबल लिहायला धजले नाही. ठिकाण पापनाशम, तारीख १४ नोव्हेंबर १९८६. वेचणारी: एस. इसक्कीअम्माळ. लेख छापला तर जगात ज्याला ज्याला लेबल वाचता येतं, तो तारीख वाचेल, ती माझी जात छापून येण्याआधीची आहे हे बघेल आणि मी काय केलं ते ओळखेल. छाप, नाहीतर स्लाइड दगडावर आपट. दोन्ही तुझ्या हातात.

पण त्याआधी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकदा त्याला बघ, अक्का. तो तुला सापडला होता.

तुझ्याशी खोटं वागलेली,
मलरविळी