आधीचे दोष

सोमवार, ४ मार्च. सकाळी सात.
नवी वही. रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून तर जास्तच खरं लिहायला हवं.
संकल्प : रोज अर्धा तास गाण्याची प्रॅक्टिस. आत्याच्या आधी दुकान उघडणे. खोटं न बोलणे (हे चालू आहेच).

सोमवार, संध्याकाळ.
प्रॅक्टिस झाली नाही. घसा बसल्यासारखा वाटला. दुकान आत्याने उघडलं.

मंगळवार, ५ मार्च.
वीज, माझी सगळ्यात लाडकी गायिका, आपल्या लाँड्रीत आली! म्हणजे ती स्वतः नाही, तिचं जॅकेट. शनिवारी तिचा स्टेडियमवर शो आहे. तिच्या कपड्यांचं सगळं बघणाऱ्या मॅडमचा हॉटेलच्या लाँड्रीवर भरवसा नाही. त्यांची मदतनीस ताई अकरा कपडे घेऊन आली. गळ्यात मोजायची टेप, चेहरा चार रात्री न झोपल्यासारखा.
जॅकेट तेच. चंदेरी टिकल्यांचं. शेवटच्या गाण्यात ती दोन्ही हात वर करते, ‘घाबरू नका, खरं बोला!’ म्हणून ओरडते, आणि चाळीस हजार माणसं रडतात. मी फोनवर बघूनही रडते.
आत्याने नेहमीप्रमाणे एकेक कपडा उजेडात धरला आणि दुकानाच्या वहीतला ‘आधीचे दोष’ हा रकाना भरला. गुंडी सैल, कॉलरला डाग, असं. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर वही पुढे करायची. मी अक्षरं गिरवली तीही याच वहीवरून. शाळेत घातलं तेव्हा बाईंनी ‘क’वरून शब्द विचारला तर मी ‘कॉलर विटलेली’ म्हणाले होते. आत्या हे अजून सगळ्यांना सांगते.
जॅकेटपुढे तिने लिहिलं : काही नाही. हे दोन शब्द आमच्या वहीत वर्षातून एखाद्या वेळी येतात.
इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, ही बाई करते तरी काय? मी सांगितलं, ती लाखो लोकांची हीरो आहे, लोकांना खरं बोलायचं बळ देते. काका म्हणाले, चाळीस हजारांपुढे बोलायला काय जातं, सगळे टाळ्याच वाजवणार. एका माणसापुढे बोलून दाखव म्हणावं.
काका जुन्या विचारांचे आहेत.

बुधवार, ६ मार्च. दुपारी अडीच.
आत्या जेवायला घरी गेली होती. काका डुलक्या काढत होते. मी जॅकेट फक्त खांद्यावर टाकून बघितलं. वाफ किती द्यायची ते ठरवायला वजनाचा अंदाज लागतो. मग एक बाही घातली. एवढ्या मोठ्या कलाकाराचं जॅकेट अर्धवट घालणं हा अपमान, म्हणून दुसरी. घरात मला चिमणी म्हणतात, त्यामुळे मापाची शंका आली नाही. केस सुटे हवेत म्हणून पिना काढल्या. प्रेसचं पेडल दाबलं की वाफ येते, अगदी स्टेजवरच्या धुरासारखी. शेवटचं गाणं. दोन्ही हात वर.
चर्र.
उजव्या काखेत, चार बोटं. सात टिकल्या गळाल्या. पाच सापडल्या.
मी जाड नाही. शिवणच कच्ची असणार. म्हणजे नीट विचार केला तर दोष आधीचाच.

बुधवार, तीन वाजता.
आत्याने ‘काही नाही’च्या पुढे बरीच जागा सोडली होती. तिथे लिहिलं : ‘उजव्या काखेत उसवलंय ते सोडून.’ आता पूर्ण ओळ अशी : काही नाही, उजव्या काखेत उसवलंय ते सोडून. अक्षर थेट आत्याचं. तिनेच शिकवलंय.
हे खोटं नव्हे. उसवलेलं आहेच.

बुधवार, संध्याकाळ.
घास उतरत नव्हता. दोनदा वाढून घेतलं, पण जेवणात मन नव्हतं. उद्या सकाळी आत्याला सांगणार. काळ्या दगडावरची रेघ.

गुरुवार, ७ मार्च.
सकाळी आत्याचं डोकं दुखत होतं. दुखत्या डोक्याला असलं काही सांगणं क्रूरपणाचं. दुपारी डोकं दुखायचं थांबलं आणि ती चक्क गुणगुणायला लागली. एवढा चांगला मूड रोज येत नाही. राहू दिलं.
चार वाजता मॅडम स्वतः आल्या, सोबत मदतनीस ताई. मॅडमनी जॅकेट उचललं आणि बोट थेट काखेत घातलं. हे काय? आत्याने वही उघडली. ती ओळ तिने दोनदा वाचली. मग हळूच म्हणाली, वहीत असं लिहिलंय खरं.
मी हँगर मोजत होते. एकशे बारा.
मॅडम ताईवर उलटल्या. फाटका कपडा गावभर मिरवत आणलास आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस? ताई म्हणाली, मॅडम, निघताना मी डोळ्यांनी बघितलंय हो, काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, म्हणजे वही खोटं बोलते? तुझ्या डोळ्यांचं कौतुक पुरे, उद्यापासून येऊ नकोस.
ताईने गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली. मला विचारलं, थोडं पाणी मिळेल का? मी दिलं. फ्रीजमधलं दिलं. म्हणजे मी काहीच केलं नाही असं नाही.
जॅकेट आत्याने ठेवून घेतलं. रफू करून उद्या पोचवते म्हणाली. संध्याकाळभर मशीनपाशी बसून होती. मला हाक मारली नाही.

शुक्रवार, ८ मार्च.
रात्रभर ताईची टेप डोळ्यांसमोर. आता मागे हटायचं नाही. पण आत्याला सांगून काय होणार? ताईला कामावर घेणं आत्याच्या हातात नाही. सरळ विजेकडेच जायचं. शनिवारी, स्टेडियमवर. ती मला स्टेजवर बोलावेल. चाळीस हजारांपुढे मी म्हणेन, हो, ते जॅकेट मी फाडलं! ती मला मिठी मारेल.
भाषणाची अर्धा तास प्रॅक्टिस केली. (पहिल्यांदाच संकल्पाप्रमाणे!) तीन ठिकाणी आपोआप रडू येतं. चौथ्या ठिकाणी आणता येईल.
प्रॅक्टिसला मोकळीकही मिळाली, कारण जॅकेट पोचवायला आत्या स्वतः गेली. ती कधी जात नाही. काकांनी विचारलं तर म्हणाली, पाय मोकळे करून येते. दुपारी परत आली. पाणी प्यायली आणि दुकानाची वही घेऊन बसली. मी तिकडे बघितलं नाही.

शनिवार, ९ मार्च. संध्याकाळी सहा.
दुपारी स्टेडियमच्या मागच्या गेटवर गेले. तिकीट नव्हतं. ‘लाँड्री’ म्हणाले, गेट उघडलं. आत लांबलचक पॅसेज. आणि समोर मदतनीस ताई! गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.
भाषणाचं पहिलं वाक्यच गळालं. ‘नोकरी गेलेल्या ताईच्या डोळ्यांतलं पाणी’ असं होतं ते.
ताईने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, अगं, तू लाँड्रीवाल्या मावशींची ना? काल आल्या होत्या. आठ-दहा माणसं बसलेली, सगळ्यांसमोर म्हणाल्या, उसवलं आमच्या दुकानात, वहीतली ओळ मागाहून लिहिली, ह्या मुलीचा काही दोष नाही. मॅडमनी काय काय ऐकवलं त्यांना! यापुढे चिंधीसुद्धा तुमच्याकडे येणार नाही, चार ठिकाणी सांगेन म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, सांगा, बरोबरच आहे, पण हिला आधी कामावर घ्या. आणि घेईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. बसल्याही नाहीत.
मग ताई म्हणाली, तुला किती अभिमान वाटत असेल.
मी म्हणाले, हो.
तिने विचारलं, काम काय काढलंस? मी म्हणाले, रिकामे हँगर न्यायला आले. तिने शोधून अकरा दिले.
निघताना वीज दिसली. एका पेटीवर बसून केळं खात होती. अंगात ते जॅकेट. मग उठून माइकपाशी गेली, हात वर केले. रफू मलासुद्धा दिसलं नाही. आवाज तपासत होते. घाबरू नका, खरं बोला. वन टू थ्री. घाबरू नका, खरं बोला. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या.
टाळ्या वाजवता आल्या नाहीत. हातात हँगर होते.

रविवार, १० मार्च. सकाळी साडेसहा.
आज दुकान मी उघडलं असतं, पण आत्या आधीच आत होती. मागच्या खोलीत, मशीनपाशी.
वही काउंटरवर उघडीच होती. माझ्या ओळीवर एक सरळ रेघ. गिरगटलेलं नाही, आत्या कधीच गिरगटत नाही. खाली तिचं अक्षर : ‘दोष आमच्याकडून.’ नाव नाही.
वहीवर एक पाकीट. खिशात राहिलेली वस्तू पाकिटात घालून वर लिहून ठेवायची, हा दुकानाचा नियम. आत माझी निळी केसांची पिन. वर लिहिलं होतं : जॅकेट, डावा खिसा. सापडली गुरुवारी, रफू करताना. मालकीण : चिमणी. स्वतः येऊन मागावी.
काउंटरपासून मागची खोली दहा पावलं. आत एकच माणूस. माझं भाषण चाळीस हजारांसाठी लिहिलेलं आहे, त्यातलं एकही वाक्य आत्याला चालण्यासारखं नाही.
कालचे हँगर तसेच पडले होते. म्हटलं, आधी हे जागेवर लावून टाकावेत.
मशीन थांबलं. आतून आत्या म्हणाली, चिमणे, हँगर मोजून झाले की ये.
अकरा आहेत.
पुन्हा एकदा मोजते.