हॉलिस ट्रेन्चर्ड यांच्या शेजारची जागा

मी, सिरानुश बेदोयान, वय चर्चच्या नोंदीप्रमाणे सदुसष्ट आणि स्टुडिओच्या नोंदीप्रमाणे पासष्ट, राहणार ग्लेनडेल, कॅलिफोर्निया, लहानपणी पडद्यावर ‘बिट्सी फेअरली’ या नावाने ओळखली जाणारी, शुद्धीवर असताना, चष्मा लावून, कोणीही हात न धरता हे लिहून ठेवते. पाच वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हे रागात केलेले नाही, निदान सगळे नाही.

माझे वकील श्री. लिओपोल्ड झिम्मर यांना माझा मजकूर फार वाटतो. “बाई, कोणाला काय द्यायचं एवढंच कोर्टाला हवं असतं,” असे ते म्हणाले. मी म्हटले, “मग कोर्टाने तेवढंच वाचावं.” ज्याला घाई असेल त्याने सरळ कलम चार काढावे. हॉलिस ट्रेन्चर्ड यांच्या शेजारची दफनाची जागा कोणाला मिळणार, हा त्रेचाळीस वर्षांचा तंटा तिथे मिटतो. बाकीच्या वस्तूंसाठी मी लेखणी उचलली नसती.

कलम १. राहते घर, त्यातील फर्निचर आणि मागचे लिंबाचे झाड माझी शेजारीण कॉन्सुएलो इबारा हिला द्यावे. गेली अकरा वर्षे ती रोज सकाळी खिडकीतून ओरडून विचारते, “बाई, आहात ना?” आणि मी ओरडून सांगते, “आहे गं!” यापेक्षा जास्त चौकशी माझ्या नवऱ्यानेही केली नाही, आणि तो चार वर्षे होता.

कलम २. कपाटातील गोळ्यांच्या डबीत माझे खोटे दुधाचे दात आहेत. माझे खरे दात पडू लागले तेव्हा कॅमेऱ्याला फट दिसू नये म्हणून स्टुडिओच्या दंतवैद्याने हे बनवले. बिट्सीचे दात पडत नसत, बिट्सीला गोवर होत नसे आणि बिट्सी उंचही होत नसे. सातव्या वर्षी मी कवळी लावत होते, आता पुन्हा लावते. फरक इतकाच की आता कोणी सही मागत नाही. हे दात आणि कुरळ्या केसांचा टोप सिनेमाच्या संग्रहालयाने न्यावा. तिथल्या एका तरुण बाईंनी फोनवर मोठ्या आदराने विचारले होते की माझे कुरळे केस कोणत्या वर्षी सरळ झाले. टोप त्यांनाच दाखवावा.

कलम ३. दिवाणखान्यातील माझ्या आईची मोठी तसबीर ज्याला चौकट आवडेल त्याने न्यावी. माझ्या कमाईचे तिने काय केले, असे मला लोक विचारतात. तिने ती घातली, खाल्ली आणि उरलेली शर्यतीच्या घोड्यांवर लावली. मी तिला माफ केलेले नाही. झिम्मर म्हणाले की हे मालमत्तेत येत नाही. मी म्हटले, इतकी वर्षे सांभाळली ती अढी मालमत्ताच की. ती मात्र कोणाला देत नाही, बरोबर नेते.

कलम ४. हॉलिस ट्रेन्चर्ड यांनी सहा चित्रपटांत माझ्या वडिलांचे काम केले. आजही बाजारात भाजी निवडताना कोणीतरी म्हातारी माझा हात धरते आणि डोळे पुसत म्हणते, “काय प्रेमळ वडील होते हो तुमचे!” मी मान डोलावते. सुरुवातीला शिष्टाचार म्हणून डोलावत असे, पुढे खरे वाटू लागले म्हणून.

त्यांनी दफनभूमीत शेजारी शेजारी दोन जागा घेतल्या. एक स्वतःसाठी, दुसरी माझ्या नावाने. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याची ही कल्पना होती, मासिकांत फोटोही आले. हॉलिस स्टुडिओ सांगेल तिथे सही करत. ते वारले तेव्हा त्यांची खरी मुलगी लेनोर अठ्ठावीस वर्षांची होती. वडिलांशेजारची जागा आपली नाही हे तिला अंत्यविधीच्या दिवशी कळले. तेव्हापासून तिचे वकील माझ्या वकिलांना पत्रे लिहीत आले आहेत आणि माझे वकील उत्तरे देत आले आहेत. मी जागा सोडली नाही. मला वाटे, त्या माणसाने मला वाढवले. लेनोरची फुप्फुसे गेल्या वर्षी निकामी होऊ लागली, तेव्हा आमच्यातील भांडण इतकेच उरले की आधी कोण मरते.

त्याच सुमारास मी आठवणी लिहिल्या. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना चौथे प्रकरण सर्वांत आवडले, ‘माझे दुसरे वडील’. ते गेल्या वसंतात एका मासिकात आधी छापून आले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात लेनोर टॅक्सीने दारात उभी. नाकात नळी, मागे चाकांवर प्राणवायूचे नळकांडे, हातात मासिक.

“आत येऊ, का वकिलामार्फत विचारू?”

“ये. ते नळकांडं गालिच्यावरून नेऊ नकोस, अडकेल.”

ती बसली, दम खाल्ला आणि मासिक उघडले. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. मला वाटले, आता शिव्या येणार. तिने वाचून दाखवायला सुरुवात केली.

“‘मला ताप होता तेव्हा ते रात्रभर उशाशी बसून होते. ओला रुमाल कपाळावर ठेवत होते.’ अगं, हा तर तो आगबोटीचा सिनेमा. तुला ताप कुठला? कपाळावर ग्लिसरीन चोपडलं होतं.”

“मला आठवतंय, लेनोर. रुमाल गार होता.”

“असणारच. किती वेळा घेतला असेल तो शॉट! आणि हे संत्रं. ‘सालीची एकच लांब फीत काढून माझ्या गळ्यात घालत.’ हे अनाथालयाच्या सिनेमातलं. तुरुंगाच्या जाळीतून निरोप घेतात, तो खाणीचा सिनेमा. त्यात ते निरपराध असतात.”

“तू काय सगळे सिनेमे पाठ केलेस?”

“मग काय करणार होते?” ती म्हणाली. “शनिवारी दहा सेंट दिले की बाबा दोन तास दिसायचे. घरी आले की झोपायचे. मी पहिल्या रांगेत बसायचे, आणि ते तुला ‘माझं पाखरू’ म्हणायचे. मला ते कधी काही म्हणाल्याचं आठवत नाही. ‘दिवा मालव’ म्हणायचे.”

माझ्या लक्षात येत होते की ती खोटे बोलत नाही. मीही खोटे लिहिले नव्हते. वर्षातून दोन चित्रपट, दिवसभर दिवे, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, जोवर ती नीट होत नाही तोवर. घरी माझ्याबाबतीत काही घडतच नसे. मुलाला जे पुन्हा पुन्हा करायला लावले तेच त्याच्या डोक्यात राहते. मला माझे बालपण तोंडपाठ होते, ते दुसऱ्या कोणीतरी लिहिले होते इतकेच.

“आणि ही सायकल,” लेनोर म्हणाली. आता तिला जोर आला होता. “‘मागून सीट धरून ते धावत होते, त्यांच्या हाताला वंगणाचा वास होता.’ बाबा? धावत? सिनेमात ते ओसरीवर उभे राहून हात हलवतात. सायकलीला बोटसुद्धा लावत नाहीत! तू वळणावरून झपकन येतेस, तुला आधीच येत होती. आणि वंगण कुठलं? त्यांना साधं चाक बदलता येत नव्हतं.”

“मग सीट कोणी धरली होती?”

“मला काय विचारतेस? माझ्या बाबांनी नव्हती, एवढं लिहून देते.”

मग मी तिला चहा दिला आणि जे छापले नव्हते ते सांगितले, कारण ते सांगण्यासारखे मला कधी वाटलेच नव्हते. दोन शॉटच्या मध्ये दिवे हलवायला वेळ लागे. तेव्हा हॉलिस पडद्यामागे कापडी खुर्चीत झोपत. तोंड उघडे, एक बूट काढलेला, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. मी जमिनीवर त्यांच्या पायाशी बसून राही आणि कोणी खिळा ठोकायला आले की ओठांवर बोट ठेवून त्याला हाकलून देई. ते जागे होत तेव्हा मला पाहून दचकत, जणू मी कोण हेच त्यांना आठवत नसे.

“कोणता पाय?” लेनोरने विचारले.

“डावा.”

“डावाच!” ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. “त्या अंगठ्याचं नखच कापायचे नाहीत. आई मोजे रफू करून थकली. अगं, हे बाबा. हेच माझे बाबा.” मग ती रडली. मला तिचा हेवा वाटला, तो मी लपवत नाही. तिच्याकडे दमलेला, घोरणारा का होईना, एक माणूस होता.

तरी सदर जागा लेनोर ट्रेन्चर्ड हिला मिळावी. मृत्युपत्र माझ्यानंतर लागू होते आणि लेनोरची तब्येत माझ्यापेक्षा वाईट, म्हणून मी मरेपर्यंत थांबलेले नाही. काल झिम्मर यांच्या कचेरीत सही करून जागा तिच्या नावे केली. कलम इथे अशासाठी ठेवले आहे की पुढे कोणी तिच्या वारसांशी माझ्या नावाने वाद घालू नये. खुर्चीतल्या झोपेचे एक पान मी लिहून काढले आहे. ते पुस्तकात छापू नये. ते लेनोरचे आहे, तिला द्यावे.

कलम ५. माझे दफन. सही झाल्यावर लेनोरने विचारले, “आणि तू कुठे जाणार?”

“फ्रेस्नोला.”

“तिथे कोण आहे?”

“माझे वडील.”

ती बघतच राहिली. “तुला वडील होते?”

तिचा दोष नाही. मी सात वर्षांची असताना स्टुडिओने वर्तमानपत्रांना कळवले की बिट्सीचे वडील ती पाळण्यात असतानाच वारले. पोरकी मुलगी जास्त चालते. मिसाक बेदोयान तेव्हा फ्रेस्नोत मनुकांच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करत होते आणि त्यांची प्रकृती ठणठणीत होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणजे आपण मेल्याचे कोणीतरी त्यांना वाचून दाखवले असणार. ते नंतर आणखी पंधरा वर्षे जगले. आई म्हणे, “त्यांनाच यायचं नाही.” मी ते खरे मानले, कारण माझ्याकडे दुसरे वडील होते आणि ते रोज सकाळी आठ वाजता हजर असत.

आम्ही फ्रेस्नो सोडले तेव्हा मी सहा वर्षांची होते. पुढे मला सायकल शिकवायला कोणाला वेळच नव्हता. वंगण आणि मनुका यांचा एकत्र वास येणारे हात मी आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले. पुस्तकात मी वंगण लिहिले आणि मनुका गाळल्या, कारण त्या तिथे कुठून आल्या हे मला कळेना. साठ वर्षे मी ते हात हॉलिस ट्रेन्चर्ड यांच्या अंगाला लावून पाहत होते.

मिसाक बेदोयान यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा केव्हाच गेल्या आहेत. एकीकडे एक शिंपी आहे, दुसरीकडे त्याची सासू. पाद्रीबाबांनी भिंतीकडची एक जागा दाखवली, तिथे पाण्याचा नळ गळतो. तीच घेतली आहे.

कलम ६. आठवणींच्या पुस्तकातील चौथे प्रकरण संपूर्ण काढून टाकावे. प्रकाशक कुरकुर करतील; प्रकरण काढले नाही तर पुस्तक छापण्याचा हक्क त्यांना राहणार नाही. त्या जागी एक कोरे पान घालून त्यावर एवढेच छापावे: ‘माझे वडील मिसाक बेदोयान यांनी मला सायकल शिकवली. सीट कधी सोडली ते मला कळले नाही.’ त्याखाली काही लिहू नये. त्यांच्याबद्दल मला आणखी काही माहीत नाही, आणि या वेळी माहीत नसलेले मी लिहिणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. लिओपोल्ड झिम्मर यांनी करावी. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही, हे दोघांना आधी सांगितले होते. तरी दोघे आले. दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

साक्षीदार:
१. गुस्ताव्ह लिंडक्विस्ट, धोबीकाम, ग्लेनडेल (सही)
२. ओपल पेट्री, टंकलेखिका, झिम्मर यांची कचेरी (सही)

ठिकाण: ग्लेनडेल, कॅलिफोर्निया
दिनांक: १४ ऑक्टोबर १९९४

(सही) सिरानुश मिसाक बेदोयान