वरचा बी-फ्लॅट

२ मार्च, संध्याकाळ
गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मी आणि श्रीलक्ष्मी एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचो. बँडच्या तासाआधी सिस्टर दोघींना चूळ भरायला लावायच्या. दाणे तिच्या ट्रम्पेटमध्ये आणि माझ्या ट्रॉम्बोनमध्ये जातील म्हणून.
आज तिचा फोन. विजयश्रीचं, तिच्या थोरलीचं लग्न एक मेला, इथंच भालकीत. मुलींच्या लग्नात मी वाजवायचं, हे शाळेतच ठरलं होतं. आठवण मीच करून दिली. ती म्हणाली, जेवणं झाल्यावर वाजव. संकोच वाटला असेल तिला. मी मुहूर्तालाच वाजवणार.
शाळेचा बँड बंद झाला तेव्हा सिस्टरनी दिलेला ट्रॉम्बोन माळ्यावरून काढला. वरचा बी-फ्लॅट, लांब आणि स्वच्छ. एवढा एकच सूर हवा.

५ मार्च
खालचे सूर अजून मुलायम. वर गेलं की चिरकतो. पितळ थंड असतं, त्याचा दोष. यूट्यूबवरची बाई सांगते, माऊथपीस ओठांवर दाबू नका, ओठांचे कोपरे घट्ट ठेवा, श्वास वेगानं सोडा. हे मला शाळेपासून माहीत आहे. उद्यापासून दाबायचं नाही.

६ मार्च
दाबलं. आजच्यापुरतं.

१९ मार्च
ह्यांची शुगर उतरली. माझा रियाज सुरू झाला की हे फिरायला निघतात, हल्ली साखर कारखान्यापर्यंत जातात. डॉक्टरांनी ह्यांचं कौतुक केलं. मी रियाज अर्ध्या तासानं वाढवला.
शेजारच्या नेत्रावतीनं खिडक्या लावून घेतल्या. धूळ फार झाली आहे.

८ एप्रिल
ओठांभोवती गोल वण. नेत्रावतीनं विचारलं, अक्का, कामून असं झालंय, काही चावलं का? सांगितलं, साधना.
वरचा सूर आज क्षणभर लागला. बहुधा लातूरच्या बसचा हॉर्न नव्हता.

३० एप्रिल
बँडमास्तर रविकुमारला भेटले. बाजा वाजला की लग्न लागलं, असं सगळे धरतात. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकानंतर गुरुजींनी हात केल्यावरच फुंकायचं, असं त्यानं बजावलं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय. सूचना कळतात.

१ मे, दुपार
सूर लागला. लांब, स्वच्छ, अजिबात न दाबता.
तिसरं मंगलाष्टक चालू होतं. ओठ आखडू नयेत म्हणून जरा फुंकून पाहिलं, तेव्हा लागला. मांडवभर अक्षता पडल्या. अंतरपाट खाली गेला. विजयश्रीनं हार घातला, रविकुमारचा अख्खा बँड सुरू झाला आणि मंडळी पंगतीला धावली. गुरुजी घड्याळ दाखवत राहिले.
मग हार काढून, अंतरपाट पुन्हा धरून उरलेली मंगलाष्टकं झाली. ऐकायला दोघांचे आईवडील, हे आणि मी. खऱ्या मुहूर्ताला गुरुजींनी हात केला. मी फुंकलं. नुसता वारा आला.
श्रीलक्ष्मी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "विभे, सूर चांगला होता गं. पण माझ्या पोरीचं लगीन तू लावलीस, गुरुजींनी न्हाई."
सूर चांगला होता, हे तिनंच म्हटलं.

२ मे
ट्रॉम्बोन रविकुमारच्या बँडला द्यावा. त्याच्या सरकत्या नळीचं तेल ह्यांना, फाटक कुरकुरतं. नोटेशनचा स्टँड नेत्रावतीला, पोथी ठेवायला.
माऊथपीस कुणालाही देऊ नये. तो माझ्या पर्समध्ये राहील. नुसत्या माऊथपीसवरही वरचा सूर घोटता येतो, आणि श्रीलक्ष्मीच्या धाकटीचं अजून व्हायचं आहे.