ऋग्वेदसाठी लावलेला टीव्ही

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ जानेवारी

ती. आईंना, नीरजाचा शि. सा. न.

फोनवर यतीन शेजारी असतो, म्हणून हे पत्र. ऋग्वेद चौदा महिन्यांचा झाला आणि हाक मारली तरी वळत नाही. एक शब्द नाही. वीस तारखेला कानांची तपासणी आहे. मला फार भीती वाटतेय.

तुम्ही म्हणालात तसा मराठी चॅनेल सकाळपासून चालू असतो. जाहिरात लागली, काही चमकलं की तो टक लावून बघतो. माणसं बोलायला लागली की पुन्हा आपली वाटी आपटत बसतो. शेजारची चार वर्षांची अक्षता गोष्ट समजून घेते, ही बाई का रडते म्हणून मला भंडावते. आणि यतीन, तुमचे चिरंजीव! मानेसरच्या ऑफिसातून आले की मॅच. घर पेटलं तरी मान वळणार नाही. बाळ बापावर गेलंय म्हणून हसतात. मला हसू येत नाही.

कुणाला सांगू नका. लोभ आहे, तो या काळजीतही असू द्या.

तुमची नीरजा

मिरज
१२ जानेवारी

चि. सौ. नीरजास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हे खूळ माझंच गं. दिल्लीत वाढणाऱ्या पोराच्या कानावर चार चांगले मराठी शब्द पडावेत, एवढंच मनात होतं. मीही दिवसभर लावून ठेवते, पण भाजी निवडताना बघतं कोण? कुणी किंचाळलं की तेवढी मान वर करते, बाकी सगळं कानांनीच कळतं. मला वाटलं, तोही तसाच ऐकत असेल. काय ही म्हातारीची अक्कल!

यतीनही उशिराच बोलला होता. हे तुला धीर द्यायला नाही, स्वतःला द्यायला लिहितेय. बरंवाईट काहीही असो, लगेच कळव. बाळाला पापा.

तुझी, प्रभा

लक्ष्मीबाई नगर
२१ जानेवारी

ती. आईंना शि. सा. न.

कान उत्तम आहेत! मी तिथेच रडले. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात बाळाशी दिवसभर बोलतं कोण? मी म्हटलं, टीव्ही. त्या म्हणाल्या, या वयात डोळे उजेडाकडे, हालचालीकडे ओढले जातात. पडद्यावरचं बोलणं समजायला अजून अवकाश आहे. शब्द तो समोरच्या माणसाकडूनच घेणार. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता?

आई, मी गप्प बसते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुम्हाला म्हणाले होते, यार, चकली बिल्कुल मस्त बनली. सगळे पोट धरून हसलात. माझं हे असलं हिंदीमिश्रित मराठी त्याला लागू नये, त्याला शुद्धच ऐकू यावं, म्हणून मी त्याच्यासमोर तोंड मिटून राहिले. हाकेला तो अजून वळत नाही. दोन महिन्यांनी परत बोलावलंय.

रागावू नका, लोभ कमी करू नका.

नीरजा

मिरज
२७ जानेवारी

चि. सौ. नीरजास आशीर्वाद.

त्या दिवाळीत सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले होते. सुनेची माफी मागताना हात अडखळतो, तरी मागते. टीव्ही बंद कर. यार म्हण, बिल्कुल म्हण, हिंदीत रागाव, पण पोराशी बोल.

सात तारखेला पोचते. मी समोर असतानाही बोलत राहा. मला बघून गप्प झालीस, तर मला तशीच परतीच्या गाडीत बसव.

आता लोभ तूच माझ्यावर ठेव.

प्रभा