कुमुदचे मौन आणि आमचा वर्णक्रम

पौष शु. ३, अमरावती
चि. कुमुदच्या वाणीचा जीर्णोद्धार आजपासून अस्मादिकांनी स्वहस्ते आरंभिला. जीर्णोद्धार म्हणावा तर मूळ वास्तूच नाही, तेव्हा पायाभरणी. कन्येचे वय वर्षे चार पूर्ण, शब्दसंग्रह शून्य. तहान लागली की मूठ ओठांशी नेते. बाहेर जावेसे वाटले की माझी टोपी आणून मांडीवर टाकते. आजवरचे उपाय: मधात उगाळलेले वेखंड जिभेस लावणे (कन्येने चाटून आणखी मागितले), आणि सौ.ने अंबादेवीस वाहिलेली घंटा. घंटा वाजते.
पंचवीस वर्षे हायस्कुलात परक्यांच्या चिरंजीवांकडून संस्कृत रूपे वदवून घेतली, आणि स्वगृही मात्र…

पौष शु. ६
पद्धती: दोन पाट, एक आरसा, गुरुशिष्या समोरासमोर. वर्णमाला ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने शिकवावी, हा आमचा सिद्धान्त. म्हणून प्रथम कंठ्य वर्ण. मी 'क' म्हणतो व तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवतो. अर्धा तास गेला. फलनिष्पत्ती: सदऱ्याची एक गुंडी तुटली.
तुळसाबाई माळीण भाजी घेऊन आली होती. टोपली ओसरीवर उतरवून पाहत बसली.
"काय करून राहिले गुरुजी?"
सांगितले.
"लेकरू तं पहिले ओठानं बोलते. मा, बा. गळ्यातलं मंग."
म्हटले, बाई, ओठांच्या 'प'पर्यंत पोचण्यास अजून चार वर्ग ओलांडावयाचे आहेत.
"मंग तवरक तिनं मुकंच रावं काय?"
दोडके घेतले. भाजीवालीशी शास्त्रार्थ आम्हांस शोभत नाही.

पौष व. २, अकोला
मेव्हणे दत्तोपंत येथे वकिली करतात. त्यांनी एका डॉक्टरांची वेळ घेऊन ठेविली होती, म्हणून सहकुटुंब प्रवास. बडनेऱ्यास गाडी बदलली. मूर्तिजापूरपर्यंत कु. खिडकीशी उभी, तारेवरचा प्रत्येक पक्षी बोटाने दाखवीत होती. सौ. प्रत्येकास "हो गं" म्हणत होती.
डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे पितळी थाळी वाजविली. कु. वळली. घड्याळ कानाशी धरले, तर हसली. निदान: कान शाबूत. बुद्धीविषयी आज सांगता येत नाही.
पंगतीत दत्तोपंत म्हणाले, "भाऊजी, मुंबईकडे मुक्या मुलांची शाळा आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. पाडव्यानंतर नवी मुलं घेतात. अर्ज मी लिहितो."
सौ. वाढता वाढता थांबली. "माझी लेक मुकी नाही."
"ताई, मग बोलायला लाव की तिला."
सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी कोशिंबिरीकडे.
ठरले ते असे: पाडव्यापर्यंत एक शब्द आला तर ठीक. न आल्यास अर्जावर माझी सही.

पौष व. ५, अमरावती
गृहसूत्र प्रथम: उच्चाराविना दान नाही. तिने मूठ ओठांशी नेली तरी घरात कोणी पाहावयाचे नाही. टोपी आणली तर परत खुंटीवर. सौ. म्हणाली, "तहानलेलं लेकरू आहे हो." तिच्या करुणेनेच कन्येची जिव्हा आळसावली, अशा आशयाचे प्रवचन मी केले. दृष्टान्तांसह.
कु. दोनदा रडली. सायंकाळी सौ.ने माझ्या नकळत तिला पाजले. ते मला कळले, हे मी तिला कळू दिले नाही.

पौष व. ९
कु. आपल्या हाताने माठातून पाणी घेऊन पिते. मागत नाही. स्वावलंबन म्हणून येथे नोंदणार होतो. लेखणी उचलली आणि…

माघ शु. १
चार दिवस टोपी खुंटीवरच. आज मीच काढून दाखविली. तिने पाहिले, आणि सौ.च्या मागे गेली. मूठ ओठांशी नेणे बंद. पक्षी दाखविणे बंद. आरसा काढला की ज्वारीच्या कणगीआड जाऊन बसते.
सौ. माझ्याशी बोलत नाही. गृहात आता दोन मौने नांदतात. तिसरा मी, अखंड बोलतो.

माघ शु. ४
शाळेतून लवकर परतलो. ओसरीवर तुळसाबाई आणि कु. मी दाराआड उभा राहिलो. पंडितांनी दाराआड उभे राहू नये, राहिलो.
बाई काहीच शिकवीत नव्हती. कु.ने टोपलीतून वांगे उचलले. "वांगं," बाई म्हणाली, आणि थांबली. नुसती थांबली. पुढे 'म्हण' नाही, 'पुन्हा' नाही. मग कु.ने एक गाजर तिच्या तोंडाशी नेले. बाईने खाल्ल्यासारखे केले. "अम्म." कु. बराच वेळ तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग स्वतःचे ओठ मिटले.
"म्म."
मी बाहेर धावलो. "पुन्हा! पुन्हा म्हण!"
कु. आत पळाली. गाजर पायरीवर पडले.
तुळसाबाईने ते उचलून पुसले. "गुरुजी, तुमी तिले रोजच परीक्षेले बसवता. नापास झालेलं लेकरू काहून येईन तुमच्यापाशी?"
मग टोपली आवरता आवरता म्हणाली,
"माही लेक पाच वर्सापावतर बोलली नाई. आता सासूचा जीव खाते बोलू बोलू."
"मग आपण केलंत काय?" माळणीस 'आपण' म्हटल्याचे नंतर ध्यानात आले.
"काई नाई. ती दाखवे, मी देऊ, अन् नाव सांगू. वाफ्यात काम करता करता."
"आणि ती कधीच बोलली नसती तर?"
"तरी मी देतच होती नं, गुरुजी."

माघ शु. ५
गृहसूत्र रद्द. परंतु हे कु.स कळवावे कसे? मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध केले तरी तिला वाचता येत नाही. पेला तिच्यापुढे ठेवून म्हणालो, "पाणी." आणि थांबलो. मी खोलीबाहेर जाईपर्यंत तिने पेल्यास हात लावला नाही.

माघ व. ३
पेला रोज ठेवतो. तीच स्थिती. दोन आठवड्यांनी सौ. माझ्याशी बोलली: "मोडायला आठ दिवस लागले. जोडायला किती लागतील, ते तुमच्या पोथीत पाहा."
पोथीत नाही.

फाल्गुन शु. २
दत्तोपंतांचे पत्र. अर्ज सिद्ध आहे, 'प्रगती कळवावी.'
प्रगती अशी: पूर्वी कन्या पाणी मागत असे, आता मागत नाही. वकिलास हे कोणत्या भाषेत लिहावे? त्या शाळेतील मास्तर कदाचित माझ्याहून बरा असेल. माझ्याहून वाईट असणे त्याला जड जाईल. हा युक्तिवाद चार दिवस मनात घोळतो आहे, आणि तो विनोद नाही.

फाल्गुन व. १२
दत्तोपंत अर्ज घेऊन आले. "भाऊजी, एक तरी शब्द?"
"नाही."
त्यांनी कु.स जवळ घेतले. "मामा म्हण बघू, मामा." ती अंग चोरून निसटली. अर्ज माझ्या मेजावर ठेविला आहे. सौ. म्हणाली, "तुम्हीच ठरवा." दार लावून घेतले.

फाल्गुन व. १३
दुपारी ओसरीवर हिरव्या हरभऱ्याची जुडी घेऊन घाटे सोलीत बसलो. कोणास बोलाविले नाही. बऱ्याच वेळाने कु. आली. माझ्याकडे पाठ करून बसली, दोन हातांच्या अंतरावर. कालपर्यंत मी असलेल्या खोलीत ती आपणहून येत नव्हती.
काही वेळाने तिचा हात मागे आला. तळवा उघडा. मी दाणा ठेविला. "हरभरा," म्हणालो, आणि थांबलो. हात तोंडाकडे गेला, पुन्हा मागे आला. असे पुष्कळदा. पंचवीस वर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती; तिला बाहेर पडू दिले नाही.
आतून दत्तोपंत म्हणाले, "भाऊजी, टांगा आला. सही करताय ना?"
उठलो असतो तर हात रिकामा राहिला असता. दाणे संपले होते. मी रिकामा घाटा तिच्या तळव्यावर ठेविला.
कु.ने तो दाबून पाहिला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिले, सरळ डोळ्यांत.
"भाऊजी?"
"थांबा," मी म्हणालो. जुडीत एखादा घाटा उरला आहे का, तो शोधू लागलो.