डावा डॉक्टरचा, उजवा देवाजीचा

प्रिय बाबा,

आज रागाच्या भरात लिहितेय. तुमचा सख्खा भाऊ, देवाजीकाका, सकाळी पुन्हा दारात उभा होता, तीच लेपाची पितळी डबी घेऊन. धानाच्या रोवण्यात, बांधीतल्या चिखलात, आईच्या टाचेला जखम झाली, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे! आईलाही शुगर निघालीय, बाबा. तुम्ही गेल्यावर कळलं.

डबी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

तुमच्या दोन्ही पायांना जखमा झाल्या, तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं? "चिखल्या हायेत बाई. बांधीत उतरलं का सगळ्यायलेच होतेत." होतात ना! पण सगळ्यांच्या चिखल्या ठणकतात. तुम्ही आपले हसत सांगायचात, "दुखून नाही राहिलं, म्हणजे बरं होऊन राहिलं." अहो, शुगरनं पाय बधिर झाले होते! डॉक्टर घसा फोडून सांगत होते, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?

आपल्या तालुक्याच्या गोरेगावहून एसटीनं मीच तुम्हाला गोंदियाला नेलं होतं. सलाईननं जखम धुवायची, मलम लावून स्वच्छ पट्टी बांधायची, पायावर भार द्यायचा नाही. एवढंच तर होतं! काकाच्या डबीत हळद, चुना आणि जवसाचं तेल. तुम्ही तोडगा काय काढलात? "डावा डॉक्टरचा, उजवा देवाजीचा. पाहू कोन जितते! त्याचंबी मन राखा लागते ना."

पायांची शर्यत लावतं का कुणी?

उजव्या पायाला मी हात लावला की तो मागे घ्यायचात. "कायले घाई करतेस?" म्हणायचात. चुन्यानं कातडी जळाली, आत पू झाला, विष रक्तात गेलं. नागपूरला पाय कापायचं ठरलं आणि त्याआधीच तुम्ही गेलात.

तिरडीवर तुमचा डावा पाय बरा झालेला होता, बाबा. नवी गुलाबी कातडी आली होती. मी हात फिरवून पाहिली. रडू आलंच नाही, नुसता संताप आला. तो अजून गेलेला नाही.

आज आई काय म्हणाली, सांगू? "एक डाव लावू दे ना. त्याचं मन राखा लागते." तुमचेच शब्द!

मी डबी हिसकावली आणि त्याच्यासमोर उकिरड्यावर उपडी केली. काका रिकामी डबी उचलून निघून गेला. आता येणार नाही बहुतेक. न येवो.

शब्द देते, आईचे दोन्ही पाय डॉक्टरचे. पट्टी रोज मीच बदलीन. तिनं पाय मागे घेतला, तर धरून ठेवीन. तुमचा धरायला हवा होता.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमची सुनंदा