नाक्यापलीकडली

७ नोव्हेंबर २००५, सोमवार

ठरलं. मी उभी राहणार!

नारायणची बदली काणकोणला झाली, म्हणजे आमच्या डिचोली-पेडणे लिनक्स मंडळाला समन्वयक नाही. काल बैठकीत विचारलं, कोण होतंय? पंचवीस जण, सगळे आपापल्या चपला बघत बसले. मी हात वर केला. दुसऱ्या कुणाचाच हात वर नाही. झालं असतं तिथंच. पण गोकुळदास सर उठले — "एकच नांव आसलें तरी मतदान जाय. फुडारी हांगाचोच जाय." पुढारी इथलाच हवा म्हणे!

स्वतः उभे राहणार नाहीत. वेळ नाही. मला मात्र उभं राहू द्यायचं नाही.

बाहेर पडताना कुणाला तरी सांगत होते, "चली बरी, पूण भायली." मला ऐकू जाईल एवढ्या हळू.

भायली! मुलगी बरी, पण बाहेरची म्हणे. बाबा अठ्ठावीस वर्षं पाळीच्या खाणीवर टिपर चालवताहेत. मी जन्मले ती डिचोलीत. पण मूळ गाव दोडामार्गच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रात, म्हणून मी कायमची नाक्यापलीकडली.

९ नोव्हेंबर

गोकुळदास सरांची मेल सगळ्या मंडळाला. समन्वयक कुणीही होवो, यापुढे बैठका पणजीत, एसी हॉलमध्ये. शाळाशाळांत जाऊन जुने कॉम्प्युटर चालू करून द्यायचे रविवार बंद. "जुन्या डब्यांत किती दिवस जीव घालायचा?"

त्या जुन्या डब्यांवर मये, पाळी, मोपा मिळून नऊ शाळांतली मुलं पहिल्यांदा माउस धरायला शिकली. फुकटची, खुली सिस्टीम, पडद्यावर मराठीही, कोकणीही. हे बंद पडू द्यायचं नाही. यासाठीच मला हे पद हवंय. मानासाठीही हवंय, कशाला खोटं बोलू?

११ नोव्हेंबर

कृष्णनाथशी पुन्हा भांडण. कोकणी भाषांतर तो करतो, मराठी मी, आणि गेले तीन आठवडे आम्ही एका बटणावर अडून आहोत. मी म्हणते दोन्हीकडे 'रद्द' ठेवू. तो म्हणतो, कोकणीत 'नाका', म्हणजे नको. "रद्द मनीस म्हणना, ऑफिस म्हणटा." मुद्दा बरोबर आहे, पण त्याला सांगणार नाही.

घरी बाबांना पडदा दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "गो, ह्यो खयचो नाको? दोडामार्गचो?" मी हसत सुटले. मग स्वतःच म्हणाले, "बरोबर हा. नाक्यार गाडी थांबताच."

तर 'नाका' ठेवला. कृष्णनाथला मेल — एका ओळीची. त्याचं उत्तरही नाही! माजोरडा.

१४ नोव्हेंबर

मतदानाच्या पद्धतीवरून वाद. सरांना इंग्रजीत छापलेली चिठ्ठी हवी, चौकोनात खूण करायची. मी म्हटलं, कोरी चिठ्ठी. वैशाली हवी की नको, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहावं. आपण भाषेचं मंडळ ना? मग खुणा कसल्या करताय, अंगठे का उठवत नाही?

जिंकले! निदान हा वाद.

मोजणार केरबा. तो गडहिंग्लजचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. मंडळात येऊन तीन महिने, म्हणून अजून मत नाही. सर म्हणाले, "तो ना तुझा, ना माझा." तसा तो माझाच विद्यार्थी. पण सरळ माणूस आहे, मोजायला घेतलेलं नीट मोजील.

बाबा म्हणतात, "आमका कशाक व्हया ता?" मला हवंय, बाबा. तुम्ही अठ्ठावीस वर्षं बाजूला गाडी घेऊन दुसऱ्याला वाट दिलीत. मी नाही देणार.

२० नोव्हेंबर, रविवार

हरले.

हवी आठ, नको सतरा.

केरबा आतल्या खोलीतून आला तेव्हाच चेहरा उतरलेला. आकडे सांगितले आणि खाली बघत उभा राहिला. गोकुळदास सरांनीसुद्धा आकडे पुन्हा सांगायला लावले! सगळे एकमेकांकडे बघत होते. चोरासारखे. आठवडाभर माझ्याशी हसून बोलले, आणि चिठ्ठीवर हे?

सरांनी तात्पुरता भार स्वतःकडे घेतला. आता मिळाला वेळ.

जिन्यात केरबाला गाठलं. काय लिहिलंय लोकांनी? "ताई, नगा इचारू. लई वंगाळ लिवलंय." मी सोडेना. तेव्हा एवढंच म्हणाला, "एकानं तर तीनदा लिवलंय." चिठ्ठ्या सीडीच्या रिकाम्या डब्यात घालून तो घरी घेऊन गेला. माझ्या नजरेस पडू नयेत म्हणून!

तीनदा. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतोय.

२१ नोव्हेंबर

ताप नाही, काही नाही. तरी कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला गेले नाही.

२३ नोव्हेंबर

येत्या रविवारी मोपाच्या शाळेत ठरलं होतं. सरांची मेल — रद्द.

रद्द तुमचं! मी जाणार. पद नसलं तर नसलं, स्क्रूड्रायव्हर माझा आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

मोपाला गेले! दोन बस बदलून, पिशवीत चार सीड्या आणि एक कीबोर्ड. पठारावर वारं नुसतं. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणतात. आज तरी तिथं गुरं चरत होती.

शाळेत पोचते तर दारात कृष्णनाथ! स्कूटरवर मॉनिटर बांधून आणलेला, खाली चादर घालून. माझं डोकं फिरलं. रुक्मिणी टीचर समोर, मुलं समोर — काही बघितलं नाही. विचारलं, "चिठ्ठीवर तीनदा लिहिणारा तूच ना?"

"हय, हांवेंच." आणि वर हसला! "आनीक एक फावट बरयतलों!"

आणखी एकदा लिहीन म्हणे! मी म्हटलं, मॉनिटर ठेव आणि चालता हो. हसू गेलं त्याचं. म्हणाला, "तुका जाय तें म्हण," पण गेला नाही. दिवसभर दुसऱ्या कोपऱ्यात वायरी जोडत बसला. पाचही मशीन चालू झाली. टीचरनी दोघांना एकाच ताटलीत पाव-भाजी दिली, तीही मी खाल्ली नाही.

चीड आहे, ती आहेच. पण पाच मशीन चालू झाली, हे कुणी रद्द करून दाखवावं.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दुकान उघडते तोच केरबा. धापा टाकत, हातात तो सीडीचा डबा. "ताई, 'जाय' म्हंजी काय वो?"

म्हटलं, कोकणीत 'हवं'. का रे?

मटकन् बसला. तीन महिने पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून विचारतो, "पाव जाय?" याला वाटायचं, निघू का म्हणून विचारतोय. हा आपला सांगायचा, "जा की!" आज खोलीतल्या नव्या सोबत्यानं तिथंच पाव घेतले, तेव्हा उलगडा झाला.

डबा काउंटरवर उपडा केला. 'नको'च्या सतरा चिठ्ठ्या. तीनवर 'नाका'. चौदांवर 'जाय', आणि यानं वाचलं 'निघून जा'.

सगळ्यात वर कृष्णनाथचं अक्षर — जाय, जाय, जाय! केरबाला वाटलं होतं, हा माणूस माझ्यावर सगळ्यात जास्त चिडलाय.